कॅनडांतील अनिरुद्ध नदी : फ्रेझर

एखादी मोठी नदी उगमापासून समुद्रापर्यंत एकाही धरणावांचून वाहत आहे, असें आजच्या काळांत क्वचितच आढळतें. आपली गोदावरी १४६५ किलोमीटर लांब. पण नाशिकच्या रामकुंडास पोहोंचण्यापूर्वींच तिला गंगापूरच्या धरणांत थांबावें लागतें, आणि पुढें पैठणास तिचा नाथसागर होतो. कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतून वाहणारी फ्रेझर नदी १३७५ किलोमीटर लांब, म्हणजे गोदावरीहून थोडीशीच उणी आहे. परंतु तिच्या मुख्य प्रवाहावर आजतागायत कोणींहि धरण घातलेलें नाहीं. 'अनिरुद्ध' हें नांव आपण श्रीकृष्णाच्या नातवाचें म्हणून ओळखतों. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'न अडविलेला' असा आहे. तो अर्थ या नदीस अक्षरशः लागूं पडतो. तिच्या या मोकळेपणामागें एका माशाची कथा आहे, आणि त्या मोकळेपणाची किंमतहि कोणीतरी मोजलेली आहे. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

घरांत नकाशांचें पुस्तक असेल तर मुलांनीं तें समोर घ्यावें. कॅनडांतील रॉकी पर्वतांत माउंट रॉबसन हें ३९५४ मीटर उंचीचें हिमशिखर आहे. त्याच्या दक्षिणेस पर्वतांतील एका खिंडीपाशीं फ्रेझरचा उगम होतो. समुद्र पश्चिमेस असतां ती प्रथम वायव्येकडे धांवते. प्रिन्स जॉर्ज या शहरीं नेचाको नदीस भेटून एकदम दक्षिणेस वळते. आणि शेंकडों किलोमीटर तशीच जाऊन होप या गांवापाशीं पश्चिमेचा रस्ता धरते व व्हँकुव्हर शहराजवळ समुद्रास मिळते. नकाशावर तिची आकृति संस्कृत ग्रंथांतील अवग्रहाच्या चिन्हासारखी दिसते. वाटेंत लिटन गांवीं तिला टॉम्सन नदी मिळते. टॉम्सनचें पाणी निळसर हिरवें आणि नितळ, फ्रेझरचें गढूळ व तपकिरी. दोन्ही प्रवाह कांहीं अंतर एकमेकांशेजारून पण न मिसळतां वाहतात. प्रयागास जाऊन आलेल्या मंडळींना हें दृश्य ओळखीचें वाटेल.

या नदीचें खोरें सुमारें २ लक्ष २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे त्या अवाढव्य प्रांताचा जवळजवळ चतुर्थांश आहे. दरवर्षीं सुमारें दोन कोटी टन गाळ ती आपल्याबरोबर आणिते, आणि त्याच गाळानें तिच्या मुखाशीं सपाट, सुपीक प्रदेश निर्माण केलेला आहे. तिचा पूर मात्र आपल्या नद्यांच्या पुराहून निराळा. आपल्याकडे आकाश काळवंडलें म्हणजे नदीकांठचे लोक सावध होतात. तेथें ज्येष्ठाच्या सुमारास आकाश निरभ्र होऊन ऊन तापूं लागलें म्हणजे सावध व्हावें लागतें. कारण पूर येतो तो पर्वतावरचें बर्फ वितळल्यानें. १८९४ आणि १९४८ या दोन सालांचे पूर त्या प्रांतांत अजून स्मरणांत आहेत.

नदीच्या नांवाची गोष्टहि मौजेची आहे. १८०८ सालीं सायमन फ्रेझर नांवाचा एक व्यापारी कांहीं सोबत्यांसह होड्यांतून या नदीनें खालीं निघाला. आपण कोलंबिया नदींतूनच जात आहों अशी त्याची समजूत होती. लिटनच्या खालीं नदी दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटींत शिरते. तेथें होड्या टाकून, तद्देशीय लोकांनीं कड्याला टांगलेल्या दोरांच्या व लांकडांच्या शिड्यांवरून त्याला जीव मुठींत धरून जावें लागलें. मनुष्यानें जाऊं नये अशी ही जागा आहे असें त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें. त्या फटीस पुढें 'हेल्स गेट', म्हणजे नरकद्वार, हें नांव पडलें. मुखाशीं पोहोंचल्यावर त्यानें अक्षांश मोजले, तों ते सुमारें ४९ भरले. कोलंबियाचें मुख ४६ अंशांवर आहे हें ठाऊक होतें. तेव्हां ही नदी दुसरीच, हें एका मोजणीनें सिद्ध झालें. तिला फ्रेझरचें नांव दिलें तें डेव्हिड टॉम्सन या नकाशाकारानें. आणि फ्रेझरनें टॉम्सनचें नांव तिच्या उपनदीस दिलें, जी टॉम्सननें स्वतः कधीं पाहिली नाहीं! अर्थात् हजारों वर्षें त्या कांठीं राहणाऱ्या लोकांपाशीं नदीला आपलें नांव होतेंच. खालच्या अंगाचे लोक तिला 'स्टोलो' म्हणजे नुसती 'नदी' म्हणतात, आणि स्वतःसहि तेंच नांव लावितात.

आतां माशाकडे वळूं. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं मासा शिजत नाहीं, तेव्हां आमचे सारस्वत बंधु वगळतां इतरांस या विषयाची चव नसेल. पण चरित्र म्हणून तें ऐकण्यासारखें आहे. फ्रेझरमध्यें सॅमन जातीच्या माशांचे पांच मुख्य प्रकार आहेत. त्यांत 'सॉकाय' हा विशेष प्रसिद्ध असून, त्याचें नांव 'तांबडा मासा' या अर्थाच्या तद्देशीय शब्दाचा अपभ्रंश आहे. शरद ऋतूंत मादी उपनदीच्या उथळ पाण्यांत शेपटीनें वाळूखडे उकरून खळगा करिते, त्यांत सुमारें तीन-चार हजार अंडीं घालते व वर पुन्हां खडे लोटते. हिंवाळा संपल्यावर पिल्लें बाहेर पडतात, एखाद्या सरोवरांत वर्षभर राहतात, आणि मग प्रवाहाबरोबर समुद्रांत जातात. तेथें दोन-अडीच वर्षें हजारों किलोमीटर भटकून, चौथ्या वर्षीं तीं परत फिरतात. आणि ज्या ओढ्यांत जन्म झाला त्याच ओढ्याकडे जातात. हें त्यांना कसें साधतें? जन्मस्थानाच्या पाण्याचा वास त्यांच्या स्मरणांत राहतो, असें हॅस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या प्रयोगांनीं दाखवून दिलें.

नदींत शिरल्यावर हा मासा खाणें सोडतो. पुढील सारा प्रवास अंगांतील मेदावर चालतो. एक कुळी टॉम्सनच्या अंगानें अ‍ॅडम्स नदीस जाते. दुसरी नेचाकोच्या अंगानें हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून स्टुअर्ट सरोवराकडे जाते. 'चिनूक' नांवाचा थोरला सॅमन तर रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत चढतो. वाटेंत सॉकायचा रुपेरी रंग जाऊन अंग लालभडक व डोकें हिरवें होतें. नराचा जबडा आंकड्यासारखा वळतो. अंडीं घालून झालीं कीं थोड्याच दिवसांत नर-मादी दोघेंहि मरतात. त्यांना आपलीं पिल्लें दिसत नाहींत आणि पिल्लांना मातापितरें दिसत नाहींत. अ‍ॅडम्स नदीच्या कुळींत चार वर्षांतून एकदां महापर्वणी येते : २०१०, २०१४, २०१८, २०२२, आणि याच क्रमानें पुढें २०२६ व २०३०. त्या वर्षीं नदीचें पात्र तांबड्या माशांनीं भरून जातें, व दूरदूरचे लोक तें पाहावयास जमतात.

मोठा मासा लहान माशास गिळतो याला आपल्या शास्त्रकारांनीं मात्स्यन्याय हें नांव दिलें, आणि अराजकाची ती खूण ठरविली. सॅमनच्या ठायीं मात्र दुसराच न्याय पाहावयास मिळतो. ज्या सरोवरांत पिल्लें वाढतात तेथील पाणी थंड व निःसत्त्व असतें. मेलेल्या माशांच्या शरीरांतून समुद्रांतलें सत्त्व त्या पाण्यांत उतरतें, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, आणि त्या जीवांवर पिल्लें. आपल्याकडे पुत्र पितरांस पिंड देतो. येथें पितरच पुत्रांस पिंड देतात. अस्वलें मासे धरून रानांत ओढून नेतात व अर्धेमुर्धे खाऊन टाकितात. उरलेलें झाडांच्या मुळांस मिळतें. सॅमनच्या ओढ्यांकांठच्या वृक्षांत मूळ समुद्रांतला नायट्रोजन सांपडतो, हें शास्त्रज्ञांनीं तपासून ठरविलेलें आहे. कार्तिक-मार्गशीर्षांत हॅरिसन या उपनदीच्या कांठीं हजारों पांढऱ्या डोक्याचे गरुड मेलेल्या माशांवर जमतात. बाहेर समुद्रांत राहणारी काळ्या-पांढऱ्या ओर्का देवमाशांची एक टोळी प्रामुख्यानें चिनूकवर जगते; त्या टोळींत आतां सत्तर-पंचाहत्तरच जीव उरले आहेत, आणि फ्रेझरमध्यें चिनूक कमी झाले कीं ते उपाशी राहतात.

फ्रेझरचें पशुपक्षी-वैभव एवढ्यावर संपत नाहीं. चिलकोटिन नदीच्या संगमावरील कोरड्या, गवताळ उतारांवर मोठ्या वळणदार शिंगांचीं रानमेंढरें चरतात. नदीच्या मुखाशीं चिखलाच्या विस्तीर्ण पट्ट्यांवर वसंत ऋतूंत लाखों लहान पाणपक्षी उत्तरेच्या वाटेवर उतरतात. चिखलावर सूक्ष्म जीवांचा जो पातळ, चिकट थर असतो तोच ते चोंचीनें टिपतात, ही गोष्ट २००८ सालीं उजेडांत आली. हिंवाळ्यांत सैबेरियाकडील रँगेल बेटावरून पांढरे हंसक तेथें मुक्कामास येतात. नदीच्या खालच्या अंगास स्टर्जन नांवाचा प्रचंड मासा आहे. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजीं हाडांच्या ढाली असतात; तो शंभर वर्षांहून अधिक जगतो, आणि सहाशें किलोहून अधिक वजनाचा स्टर्जन पूर्वीं या नदींत धरलेला आहे. १९९४ पासून तो धरला तरी पुन्हां पाण्यांत सोडून द्यावा असा दंडक आहे. याच्या उलट 'युलाकॉन' हा वीतभर मासा इतका तेलकट कीं, वाळवून पेटविला तर मेणबत्तीसारखा जळतो!

या नदीवरील मासेमारीचा इतिहास म्हणजे तेथील मनुष्यांचाच इतिहास आहे. स्टोलो आणि वरच्या अंगाचे लोक खडकावर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यानें भोंवऱ्यांत विसावलेला मासा उचलतात. आषाढाच्या सुमारास त्या दरींत ऊष्ण, कोरडा वारा सुटतो. माशाचे काप करून, त्यांना उभेआडवे चरे पाडून, लांकडी मांडवावर ते टांगले कीं त्या वाऱ्यानेंच वाळतात. धूर लागत नाहीं कीं मीठ लागत नाहीं. आपल्या गृहिणी वैशाखाच्या उन्हांत सांडगे-पापड करून वर्षाची बेगमी करितात, तशीच ही बेगमी होय. हंगामांतला पहिला मासा कोणी एकटा खात नाहीं. तो सर्वांनीं वांटून घ्यावयाचा आणि त्याचीं हाडें विधिपूर्वक नदीस परत द्यावयाचीं, अशी रूढि आहे. आपलें नवान्न आणि कोळ्यांची नारळीपौर्णिमा यांच्याशीं तिचें नातें जुळतें.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं मुखाशीं असलेल्या स्टीव्हस्टन गांवीं मासे डब्यांत भरण्याचे कारखाने उभे राहिले. १८९४ सालचा एक कारखाना आज संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे. तेथें गोरे, चिनी, जपानी व तद्देशीय अशीं सर्व माणसें राबत. जपानी कोळ्यांच्या होड्या महायुद्धांत सरकारनें जप्त केल्या आणि १९४२ सालीं त्यांना कुटुंबांसह किनाऱ्यापासून दूर पाठविण्यांत आलें. तद्देशीयांवरहि परवान्यांची बंधनें आलीं. पूर्वापार ज्या नदीवर जगावें तिच्यांतच मासा धरल्याबद्दल त्यांच्यावर खटले होऊं लागले. मस्क्विम जमातीचे रोनाल्ड स्पॅरो यांच्यावर १९८४ सालीं परवान्याहून लांब जाळें वापरल्याचा खटला झाला. तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९० सालीं तद्देशीयांचा मासेमारीचा परंपरागत हक्क न्यायालयानें मान्य केला.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. हा सारा संसार किती नाजुक दोरीवर टांगलेला आहे, याचा धडा १९१३-१४ सालीं मिळाला. हेल्स गेटच्या कड्यावरून दुसरा लोहमार्ग काढण्याचें काम चाललें होतें. सुरुंगानें फोडलेला दगड नदींत ढकलण्यांत येई. आणि १९१४ च्या फेब्रुवारींत कड्याचा मोठा भाग प्रवाहांत कोसळला. मुळांत चिंचोळें असलेलें पात्र आणखी आवळलें, पाण्याचा वेग इतका वाढला कीं माशांना तो कापतां येईना. १९१३ हें सॉकायचें मोठ्या पर्वणीचें वर्ष होतें. वर जाऊं न शकलेले मासे खालींच मेले. सॉकायचें आयुष्य चार वर्षांचें. म्हणून १९१७ सालीं हिशेब पुढें आला, आणि त्या वर्षीं मासे अगदींच थोडे आले. पुढें कॅनडा व अमेरिका यांनीं १९३७ सालीं अमलांत आलेल्या तहानें संयुक्त मंडळ नेमलें. त्याच्या पाहणीनंतर १९४४ ते १९४६ या काळांत हेल्स गेटच्या कांठांना सिमेंटच्या वाटा बांधण्यांत आल्या. त्यांत आडव्या भिंती घालून पाण्याचा वेग मोडलेला असतो. मासा टप्प्याटप्प्यानें विसावत वर जातो. तीस वर्षांनंतर कां होईना, मनुष्यानें केलेली वाट मनुष्यानेंच पुन्हां मोकळी केली.

हा धडा ताजा असतांनाच धरणांचा काळ आला. शेजारच्या कोलंबिया नदीवर अमेरिकेनें ग्रँड कूली हें प्रचंड धरण बांधलें. तें १९४२ सालीं पूर्ण झालें. त्यांत माशांस वाट ठेविली नव्हती, आणि त्यावरच्या शेंकडों किलोमीटर नदींतून सॅमन कायमचा नाहींसा झाला. आज कोलंबियाच्या मुख्य प्रवाहावर १४ धरणें आहेत. फ्रेझरवरहि लिलुएट गांवाच्या वर मोरान येथें दोनशें मीटरांहून उंच धरण घालावें, अशी योजना पुढें आली. वीज अमाप मिळणार होती. परंतु माशांस एवढ्या उंचीवर चढविणें, आणि त्याहून अवघड म्हणजे पिल्लांस त्या अथांग जलाशयांतून व यंत्रांच्या पात्यांतून सुखरूप खालीं उतरविणें, हें कोणास साधेल असें दिसेना. अनेक वर्षांच्या वादानंतर १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ती योजना मागें पडली.

येथें 'निसर्गाचा जय झाला' असें लिहून लेखणी खालीं ठेवणें सोपें आहे; पण तें संपूर्ण सत्य होणार नाहीं. प्रांताला वीज हवी होतीच. ती उत्तरेच्या पीस नदीवर १९६७-६८ च्या सुमारास झालेल्या बेनेट धरणानें आणि कोलंबियाच्या वरच्या अंगावरील धरणांनीं पुरविली. एकत्र कुटुंबांत एका भावास शिकावयास पाठवितात, तेव्हां दुसऱ्या भावांच्या खांद्यावर शेतीचें जूं येतें. शिकलेल्याचें कौतुक करितांना त्या भावांचें स्मरण ठेवणें हा धर्म होय. फ्रेझर मोकळी राहिली, कारण पीस व कोलंबिया बांधल्या गेल्या; आणि त्यांच्या दऱ्यांतून जे लोक उठले त्यांनीं या मोकळेपणाची किंमत दिली. शिवाय फ्रेझरचा एक हात बांधलेलाच आहे. नेचाको नदीवर १९५२ सालीं केनी धरण झालें, आणि तिचें पुष्कळसें पाणी डोंगरांतून बोगदा पाडून पश्चिमेस किटिमाट येथील अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या विजेसाठीं वळविण्यांत आलें. चेस्लाटा जमातीच्या लोकांना त्यावेळीं जेमतेम कांहीं दिवसांची सूचना देऊन घरांदारांतून उठविण्यांत आलें. त्या नदींत आजहि म्हातारे स्टर्जन आहेत. परंतु १९६७ च्या सुमारापासून त्यांचीं पिल्लें जवळजवळ जगलेलीच नाहींत. शंभर वर्षें जगणारा प्राणी असल्यानें नदी रिकामी झाल्याचें चटकन ध्यानांत येत नाहीं, एवढेंच.

मुख्य प्रवाहहि निश्चिंत नाहीं. २००९ सालीं एक कोटीहून अधिक सॉकाय येतील असा अंदाज असतां सुमारें १५ लक्षच आले. सरकारनें न्यायमूर्ति ब्रूस कोहेन यांची चौकशी नेमली. आणि चौकशी चालूं असतांनाच २०१० सालीं जवळजवळ तीन कोटी मासे आले! २०१२ च्या अहवालांत कोहेन यांनीं कोणा एकावर दोष ठेविला नाहीं. तापतें पाणी, रोग, प्रदूषण, समुद्रांतील फेरफार अशीं अनेक कारणें सांगून त्यांनीं ७५ शिफारशी केल्या. २०१८ च्या अखेरीस बिग बार येथें कडा कोसळला, आणि १९१४ चीच कथा नव्यानें सुरूं झाली. या वेळीं हेलिकॉप्टरांतून आणि नळ्यांतून मासे वर नेण्यांत आले. २९ जून २०२१ रोजीं लिटन गांवीं ४९.६ अंश उष्णता नोंदली गेली, व दुसऱ्याच दिवशीं तें गांव आगींत भस्म झालें. सॉकायला नदीचें पाणी अठरा-एकोणीस अंशांच्या पुढें तापलें कीं दम लागतो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अतिवृष्टि झाली, आणि १९२४ सालीं आटवून शेतजमीन केलेलें सुमास सरोवर जणूं आपला जुना सात-बारा घेऊन परत आलें. शेतें, गोठे, रस्ते, सारें पाण्याखालीं गेलें.

यावरून धरणेंच नकोत असा सिद्धांत काढणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आपण सारे धरणाचेंच पाणी पितों, आणि कोयनेच्या विजेवर वाचतों. परंतु धरण बांधतांना जमाखर्चांत एका बाजूस वीज व पाणी आणि दुसऱ्या बाजूस केवळ सिमेंट व मजुरी एवढेंच मांडण्याची जी रीत आहे, ती अपुरी आहे. गंगेंतून अलाहाबादेपर्यंत चढणारा हिलसा मासा १९७५ सालीं फराक्काचा बांध झाल्यावर वर येईनासा झाला; त्याची रक्कम त्या बांधाच्या हिशेबांत कोणत्या रकान्यांत मांडली होती? फ्रेझरच्या कांठच्या लोकांचें विशेष हें कीं, त्यांनीं मासा हा आधींच खर्चाच्या बाजूस लिहिला, बेरीज केली, आणि मग निर्णय घेतला. बेरीज करण्याची संवय मनुष्यास असेल, तर प्रत्येक नदीच्या बाबतींत उत्तर एकच येणार नाहीं. पण जें येईल तें डोळे उघडे ठेवून आलेलें असेल.